अर्धं मिनिट मागे

समोरच्या पोर्चवर टाळ्या पडायच्या तेव्हा माझ्या फोनवरचं गाणं अजून चालूच असायचं. गाणारी शेवटची ओळ लांबवत असायची, ड्रमवाला शेवटच्या तडाख्याच्या तयारीत असायचा, आणि रस्त्यापलीकडचे आजोबा मात्र गवती हॅट काढून, दोन्ही हात वर करून त्या गाण्यातून बाहेरही पडलेले असायचे. मग मला कळायचं, आता हे संपणार. अर्ध्या मिनिटाने ते संपायचं.

२०२०चा एप्रिल, न्यू ऑर्लिन्स. मी 'फेअर ग्राउंड्स' या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानापासून चार गल्ल्यांवर राहते. एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या सुरुवातीला, असा लागोपाठ दोन आठवड्यांच्या अखेरीस त्या मैदानावर 'न्यू ऑर्लिन्स जॅझ अँड हेरिटेज फेस्टिव्हल' भरतो. इतकं लांब नाव इथे कोणी घेत नाही. नुसतं 'फेस्ट'. आमच्या गावात 'जत्रा' म्हटलं की कुठली ते विचारावं लागत नाही, तसंच. फेस्टच्या दिवसांत माझ्या खिडकीच्या काचा थरथरतात. रस्त्याच्या मधल्या हिरव्या पट्ट्यावर, ज्याला इथले लोक 'न्यूट्रल ग्राउंड' म्हणतात, गाड्या चढवलेल्या असतात. गल्लीतली पोरं बर्फात गार केलेलं पाणी विकतात. संध्याकाळी सातला मैदान रिकामं होतं आणि उन्हाने लाल झालेली माणसं पाठीवर घडीच्या खुर्च्या अडकवून माझ्या दारावरून परत जातात. पहिल्या वर्षी मी ओट्यावर उभी राहून ते नुसतं बघत होते. दुसऱ्या वर्षी माझ्याही पाठीवर खुर्ची होती.

२०२०मध्ये २५ फेब्रुवारीला मार्डी ग्रास, म्हणजे इथला रस्त्यावरचा मोठा उत्सव, झाला. लाखो माणसं रस्त्यावर खांद्याला खांदा लावून उभी होती. मार्च उजाडला आणि आमच्या लॅबमध्ये घशातल्या स्वॅबचे नमुने येऊ लागले. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते, रात्री सात ते सकाळी सात. मार्चच्या मध्यावर बार बंद झाले, क्लब बंद झाले. या शहरात सोमवारी रात्रीसुद्धा कुठून तरी ट्रम्पेट ऐकू येतो. तो थांबला.

१ एप्रिलला एलिस मार्सालिस गेले. पियानोवादक, आणि त्याहून मोठे म्हणजे शिक्षक. विंटन, ब्रॅनफर्ड, डेल्फियो, जेसन ही त्यांची चार मुलं जॅझमध्ये आहेत, आणि घराबाहेरची 'मुलं' तर कितीतरी, कारण ट्रम्पेटवाला टेरेन्स ब्लँचर्ड आणि गायक-पियानोवादक हॅरी कॉनिक ज्युनियर त्यांच्याच हाताखाली शिकले. २०१९च्या फेस्टमध्ये बाप आणि चारही मुलगे एका मंचावर वाजवत होते आणि मी जॅझच्या तंबूत मागे, खांबाला टेकून उभी होते. ८५ वर्षांचे होते. कोविडने नेलं. या शहरात असा माणूस गेला की बँड निघतो आणि त्याच्यामागे हजार माणसं चालतात. तेव्हा दहाच्या वर माणसं जमायला बंदी होती.

१६ एप्रिलला जाहीर झालं की या वर्षी फेस्ट नाही.

त्या दिवशी मी कामावर निघाले तेव्हा समोरचे आजोबा पोर्चच्या पायरीवर बसले होते. त्यांनी तीस वर्षं शहराची बस चालवली. एरवी मला बघितलं की, "कशी आहेस, बेबी?" इथे सगळे सगळ्यांना बेबी म्हणतात, दुकानातली बाईसुद्धा. पण त्या दिवशी त्यांनी नुसता हात वर केला.

आणि मग ओझेडने सांगितलं की फेस्ट आम्ही लावतो.

ओझेड म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूओझेड, ९०.७ एफएम. १९८०च्या डिसेंबरात सुरू झालेलं गावचं रेडिओ स्टेशन. सुरुवातीच्या काळात त्यांचा स्टुडिओ 'टिपिटिनाज' या क्लबच्या वरच्या मजल्यावर होता आणि खाली मैफल रंगली की जमिनीला पाडलेल्या भोकातून माइक खाली सोडून ती थेट प्रसारित करायचे, असं जुने लोक सांगतात. निवेदक बहुतेक स्वयंसेवक. कोणी वकील, कोणी शिक्षक, कोणी स्वतःच वाजवणारा. एखाद्याची जीभ अडखळते, एखादा एकाच ट्रम्पेटवाल्यावर दहा मिनिटं बोलत राहतो. मला ते आवडतं. घरातलं माणूस बोलतंय असं वाटतं.

तर फेस्ट ज्या तारखांना होणार होता त्याच तारखांना, म्हणजे गुरुवार २३ ते रविवार २६ एप्रिल आणि पुन्हा गुरुवार ३० एप्रिल ते रविवार ३ मे, रोज सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, म्हणजे मैदानावरच्याच वेळेला, ओझेड गेल्या पन्नास वर्षांतल्या फेस्टची ध्वनिमुद्रणं लावणार होतं. नाव दिलं 'फेस्टिंग इन प्लेस'. सरकार सांगत होतं जागच्या जागी थांबा, तर यांनी सांगितलं जागच्या जागी जत्रा करा. फेस्टचं वेळापत्रक चौकटी-चौकटींचं असतं, त्याला इथे 'क्यूब्ज' म्हणतात आणि लोक ते छापून त्यावर पेनाने गोल करत बसतात. ओझेडने या रेडिओच्या फेस्टचेसुद्धा क्यूब्ज काढले. दोन मिळून बरोबर आठ दिवस. मराठीत आपण सात दिवसांच्या आठवड्याला आठ दिवस म्हणतो. त्या वर्षी आमचा आठवडा खरोखरच आठ दिवसांचा होता.

पहिल्या गुरुवारी मी सकाळी आठला घरी आले, कपडे थेट मशीनमध्ये टाकले, आंघोळ केली आणि अकराचा गजर लावून झोपले. अकराला उठून फोनवर ओझेड लावलं, चहा घेऊन पोर्चवर आले.

समोर आजोबा फेस्टच्या कपड्यांत बसले होते. फुलाफुलांचा शर्ट, गवती हॅट, पांढरे मोजे. घरात चांगली वेताची खुर्ची असताना त्यांनी पोर्चवर ती घडीची, मैदानावर न्यायची खुर्ची उघडली होती, शेजारी बर्फाची पेटी. डावीकडच्या घरातल्या नर्स बाईंनी कठड्याला रंगीत कापडं बांधली होती. त्यांच्या पलीकडच्या घरातल्या दोन मुली चेहरे रंगवून पायरीवर बसल्या होत्या. रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि दर पोर्चवर एक रेडिओ, तोच.

फक्त माझाच मागे.

पहिलं गाणं संपलं तेव्हा सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या आणि मी गोंधळून बघत राहिले. दुसऱ्या गाण्याला माझ्या लक्षात आलं. एफएम म्हणजे मनोऱ्यावरून लहर निघाली की निमिषात आपल्या तारेवर. फोनचं तसं नाही. आवाजाचे तुकडे करायचे, ते सर्व्हरवरून पाठवायचे, फोनने थोडा साठा करून ठेवायचा, म्हणजे मध्ये तुटणार नाही, आणि मग वाजवायचं. तेवढ्यात अर्धं मिनिट जातं. मी ज्या टाळ्यांची वाट बघत होते त्या समोर वाजून गेलेल्या असायच्या.

आजोबांनी रस्त्यापलीकडून ओरडून विचारलं, "बेबी, तुझं घड्याळ कुठल्या गावाचं?"

दुसऱ्या दिवशी माझ्या पायरीवर एक प्लॅस्टिकची पिशवी होती, ब्लीचने पुसलेली, तिला अजून वास येत होता. आत चांदीच्या रंगाचा चपटा ट्रान्झिस्टर, अँटेनाचं टोक वाकलेलं, दोन पेन्सिल सेल बसवलेले. काटा ९०.७ वर लावून त्यावर चिकटपट्टी मारली होती, हलू नये म्हणून. मी समोर बघितलं तर ते म्हणाले, हा २००५मध्ये माझ्याबरोबर ह्यूस्टनला आला होता.

मग त्यांनी सांगितलं, खुर्चीतूनच, मोठ्या आवाजात. कॅटरिना वादळानंतर शहर पाण्यात होतं, ते ह्यूस्टनला एका नातेवाइकाच्या घरी. ट्रान्झिस्टर होता, पण ओझेड हवेतच नव्हतं. मग न्यू जर्सीतल्या डब्ल्यूएफएमयू या स्टेशनने आपला सर्व्हर दिला आणि ओझेड इंटरनेटवरून परागंदा अवस्थेत सुरू झालं. आजोबा ह्यूस्टनच्या वाचनालयात जाऊन कॉम्प्युटरला हेडफोन लावून ऐकायचे. "तेव्हा मीही मागेच होतो," ते म्हणाले. "पण किती मागे ते सांगायला समोर कोणी नव्हतं."

माझ्या फोनमध्ये न्यू ऑर्लिन्सचं संगीत भरपूर आहे. डॉक्टर जॉन, ॲलन टूसाँ, इर्मा थॉमस, प्रोफेसर लाँगहेअर. कधीही लावावं. तरी त्या आठ दिवसांत जे झालं ते त्या यादीने कधी झालं नसतं. मी पोळ्या लाटत असताना इर्मा थॉमसचा आवाज आला, आणि मला माहीत होतं की त्याच क्षणी समोर आजोबांनी मान हलवली, डावीकडच्या नर्स बाईंनी मोबाइल बाजूला ठेवला, पलीकडच्या गल्लीत कोणीतरी आवाज वाढवला. गाणं मी निवडलेलं नव्हतं. ते आलं होतं, सगळ्यांकडे एकदम. लहानपणी आमच्या गावात रेडिओवरच्या संध्याकाळच्या बातम्या अशा यायच्या. एका घरापुढून निघालं तर वाक्य तुटायचं नाही, पुढच्या घरात तेच वाक्य पुढे चालू असायचं. मी शाळेतून येताना अख्खी बातमी रस्त्याने ऐकत यायची.

आणि त्या टेपांवरचे बरेच लोक आता नव्हते. फॅट्स डॉमिनो २०१७मध्ये गेले, डॉक्टर जॉन आणि आर्ट नेव्हिल २०१९मध्ये. पण टेपवर ते "कसे आहात?" विचारायचे आणि तिथली गर्दी उत्तर द्यायची. आजोबाही उत्तर द्यायचे. आर्ट नेव्हिलला तर ते नावाने हाक मारून उत्तर द्यायचे.

शेवट मात्र मला कधीच मिळायचा नाही. सातला शिफ्ट, म्हणून साडेसहाला घर सोडायचं. गाडीत एफएम होतं, तिथे मी पुन्हा सगळ्यांच्या बरोबर असायची. पण रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये उतार लागला की काँक्रीट आड यायचं आणि आवाज खरखरत जायचा. दिवसातला सगळ्यात मोठा कलाकार, शेवटचं गाणं, खरखर. मी गाडी बंद करायची, मास्क बांधायचा आणि आत जायचं. त्या रात्री हाताखालून किती नमुने जायचे ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला आजोबा मला शेवट सांगायचे. नाव-बिव नाही. गुरुवारचा शेवट: "नाचलो." शुक्रवारचा: "गुडघ्याने परवानगी दिली नाही, पण नाचलो." शनिवारचा शेवट सांगताना त्यांनी फक्त छातीवर हात ठेवला.

आता आई.

माझी आई रत्नागिरीजवळ, पावसच्या बाजूला, आमच्या घरी असते. तेव्हा ७४ वर्षांची. धाकटे काका बाग बघतात. त्या एप्रिलमध्ये आंबा तयार होता आणि टाळेबंदी होती. झेल्याने काढायला माणसं नाहीत, काढला तर अढीत घालून पिकवायचा कोणासाठी, पेट्या भरल्या तर ट्रक कुठून आणायचा आणि वाशीला पोचला तर उचलणार कोण. रोज फोनवर हेच. मी त्या मे महिन्यात घरी जाणार होते. तिकीट काढलेलं होतं. विमानंच बंद झाली.

पहिल्या गुरुवारी मी आईला म्हटलं, आमच्याकडे रेडिओवर जत्रा आहे, ऐकतेस? आमचे अकरा म्हणजे तिचे रात्रीचे साडेनऊ. जेवणं आटोपलेली, भांडी घासून झालेली. चुलतभावाने तिच्या फोनवर ओझेड लावून दिलं आणि माझ्याशी बोलायला काकूचा फोन दिला. अशी दोन फोन घेऊन आई पडवीत झोपाळ्यावर.

तिला जॅझ हा शब्द माहीत होता तो बाबांमुळे. बाबा लग्नाआधी गिरगावात राहायचे. धोबीतलावाजवळ गोव्याच्या लोकांच्या 'कुडी' होत्या, गावागावाची वेगळी, बोटीवर किंवा बँडमध्ये नोकरी शोधायला आलेली माणसं तिथे उतरायची. तिथल्या खिडकीतून संध्याकाळी ट्रम्पेटचा रियाज ऐकू यायचा. ती माणसं रात्री हॉटेलात जॅझ वाजवायची आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत, असं बाबा सांगायचे. त्यांच्यातल्या आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेटला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. आणि खरा लुई आर्मस्ट्राँग, जो माझ्या या शहरात जन्मला, तो १९६४मध्ये मुंबईला येऊनही गेला. बाबांकडे तिकिटाचे पैसे नव्हते. ते हे सांगताना नेहमी एवढंच म्हणायचे, "राहून गेलं."

त्या दिवसांत एकदा १९७७च्या फेस्टची टेप लागली. एला फिट्झजेरल्ड गात होत्या आणि तरुण स्टीव्ही वंडर मंचावर त्यांच्या साथीला आला होता. एला शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर धावू लागल्या, इथे त्याला स्कॅट म्हणतात. आई आयुष्यभर नाट्यसंगीत ऐकलेली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ही सरगम नाही म्हणत गं. पण तान आहे. बघ, परत कशी बरोबर जागेवर आली." थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्याकडे टाळ्या आधी झाल्या. मला तुझ्या फोनातून ऐकू आल्या."

म्हणजे आता मी एफएमवर, सगळ्या गल्लीबरोबर, आणि आई अर्धं मिनिट मागे.

रविवारी २६ एप्रिलला अक्षय्य तृतीया होती. आमच्याकडे त्या दिवसापासून आंबा देवाला दाखवून मग घरात खायला सुरुवात. काकांनी त्या दिवशी पन्नास पेट्या ओळखीच्या एका सोसायटीला थेट पाठवल्या होत्या, तेवढ्याने आईचा आवाज बदलला होता. माझ्याकडे मेटरी या शेजारच्या उपनगरातल्या इंडियन दुकानातला हापूसच्या रसाचा ८५० ग्रॅमचा डबा होता, मार्चमध्ये आणून ठेवलेला. पुऱ्या तळल्या. अर्धा रस वाटीत घेतला. उरलेल्या अर्ध्यात लिंबू आणि थोडं पाणी घालून फ्रीजरमध्ये ठेवला आणि दर तासाला काट्याने खरवडला.

कारण फेस्टमध्ये ओझेडचा स्वतःचा एक गाडा असतो आणि त्यावर 'मँगो फ्रीझ' मिळतं. सरबत आणि आईस्क्रीम यांच्या मधलं काहीतरी, केशरी, दाताला कळ आणणारं. त्या उन्हात रांग लावून लोक घेतात आणि त्याचे पैसे स्टेशनला जातात. पहिल्या वर्षी मैदानावर मी ते तोंडात घातलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, मिसिसिपीच्या काठच्या शहरात, आंबा.

चार कागदी कप भरले. मास्क लावला. एक आजोबांच्या पायरीवर ठेवला, एक नर्स बाईंच्या, दोन मुलींच्या, आणि मागे सरून रस्त्याच्या मध्यावर उभी राहिले. आजोबांनी चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. रेडिओवर एक क्लॅरिनेट चालू होता. डोळे न उघडताच ते म्हणाले, "बेबी, आता मी मैदानावर आहे."

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना सांग, पुढच्या वर्षी पेटी पाठवते." अमेरिकेत आंबा पाठवणं किती कठीण आहे हे तिला माहीत आहे. तरी तिने ते म्हटलं आणि मीही ते जसंच्या तसं समोर पोचवलं.

सोमवार ते बुधवार मध्ये रिकामे होते. फेस्टमध्येही असतात. त्या मंगळवारी मुंबईत माझे मामा गेले. कोविड नव्हता, वय होतं. आईचा एकच भाऊ. अंत्यविधीला वीस माणसांची मुभा होती, पण रत्नागिरीहून मुंबईला जायला जिल्ह्याची हद्द ओलांडायची होती आणि पास कुठे मिळतो, किती दिवसांत मिळतो, हे कळेपर्यंत सगळं उरकलं होतं. वीसही माणसं नव्हती. पाच जण होते. मामेभावाने व्हिडिओ कॉल लावला होता, आईने तो बघितला नाही.

गुरुवारी, ३० तारखेला, मी आईला रेडिओचं विचारलंच नाही. अकराला तिचाच फोन आला. "तुझी जत्रा सुरू झाली ना? इकडे लावलाय."

दुपारच्या आत एका ब्रास बँडची टेप लागली. ट्यूबा, ट्रॉम्बोन, दोन ट्रम्पेट, एक मोठा ढोल. संथ. अगदी संथ, पाऊल उचलावं आणि ठेवायला जीव होऊ नये इतकं. मी आईला सांगितलं, हे मयताचं आहे. इथे बँड मयताबरोबर चालतो. पुढे घरची माणसं आणि बँड, ती पहिली ओळ. मागून येणारं सगळं गाव, ती दुसरी ओळ, 'सेकंड लाइन'. दफनभूमीपर्यंत असं भजनाच्या चालीत. मग एका ठिकाणी थांबायचं आणि मृताला निरोप द्यायचा, त्याला इथले लोक 'देह मोकळा करणं' म्हणतात. तिथून पुढे ढोल बदलतो आणि सगळे नाचत परत येतात, छत्र्या उघडून, रुमाल उडवत.

"नाचत?"

"हो. मोकळा झाला म्हणून."

आई म्हणाली, "शिमग्याला पालखी परत देवळात जाते तेव्हा नाचवतात, तसं?" मग गप्प झाली.

माझ्या ट्रान्झिस्टरवर ढोल बदलला. समोर आजोबा उठले होते, खुर्चीच्या पाठीला धरून एकेका पायावर डुलत होते, डाव्या हातात पांढरा रुमाल. मी फोनवर काहीच बोलले नाही. आईच्या पडवीत अजून संथच चाललं होतं, मला ते काकूच्या फोनमधून बारीक ऐकू येत होतं, माझ्या इथल्या नाचाच्या खाली. अर्धं मिनिट आम्ही दोघी अशा दोन ठिकाणी होतो. मग तिच्याकडेही ढोल बदलला आणि मला झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्याचा आवाज आला. ती उभी राहिली होती. "दादाला बँड फार आवडायचा," ती म्हणाली. "माझ्या लग्नात त्यानेच आणला होता, संगमेश्वरचा." आणि मग दोन दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.

मी हे आजोबांना सांगितलं नाही. संध्याकाळी गाडीत बसताना त्यांनीच विचारलं, घरचं सगळं ठीक ना? मी म्हटलं, माझे मामा गेले. त्यांनी हॅट काढली आणि मी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत हातात धरून ठेवली. आरशात दिसत होतं.

१ आणि २ मेला मी कामावर होते, ऐकलं ते झोपेत ऐकलं.

रविवार ३ मे माझ्या सुट्टीचा. फेस्टचा शेवटचा रविवार म्हणजे इथे फार मोठी गोष्ट. पूर्वी वर्षानुवर्षं तो दिवस नेव्हिल बंधू संपवायचे, २०१३पासून ट्रॉम्बोन शॉर्टी संपवतो. ट्रेमे या इथल्याच वस्तीतला मुलगा, लहानपणी वाद्य त्याच्याहून लांब होतं म्हणून हे नाव पडलं. १९७०मध्ये काँगो स्क्वेअरला पहिला फेस्ट झाला तेव्हा ऐकायला जेमतेम ३५० माणसं होती, म्हणे मंचावरच जास्त. काँगो स्क्वेअर म्हणजे ती जागा, जिथे गुलामीत असलेल्या लोकांना रविवारी दुपारी जमायची मुभा होती आणि त्यांनी आपले ढोल, आपली पावलं जपून ठेवली. त्या पहिल्या फेस्टला ड्यूक एलिंग्टन आले होते, महालिया जॅक्सन आल्या होत्या. युरेका ब्रास बँड मैदानातून वाजवत चालला होता, कोणीतरी महालियांच्या हातात माइक दिला आणि त्या तिथेच, गर्दीत उभ्या राहून गायल्या. आजोबांनी मला हे तीनदा सांगितलंय. ते तिथे नव्हते. त्यांची आई होती.

साडेसहा वाजले. पहिल्यांदाच मी गाडीत नव्हते. पायरीवर बसले, ट्रान्झिस्टर बाजूला, मांडीवर फोन. ऊन उतरलं होतं, कुंपणावरच्या जाईसारख्या वेलाचा वास सुटला होता. आईकडे पहाटेचे पाच होऊन गेले होते. ती एरवीही याच वेळी उठते. तिने चूल पेटवून आंघोळीचं पाणी ठेवलं होतं आणि दोन्ही फोन घेऊन पडवीत आली होती. भारद्वाज ओरडत होता, मला इथे ऐकू आला.

शेवटचं गाणं चालू झालं तेव्हा गल्लीतली सगळी उभी राहिली. कोणी कोणाच्या जवळ गेलं नाही. सगळ्या पोर्चवरून एकच आवाज येत होता आणि तो रस्त्याच्या मध्यावर एकत्र होत होता, जिथे कोणीच नव्हतं. सात वाजले. टेपवरच्या गर्दीने टाळ्या वाजवल्या, त्यांच्याबरोबर आम्ही वाजवल्या. आजोबांनी खुर्ची मिटली, पाठीवर अडकवली, जणू आता चालत घरी जायचंय, आणि आपल्याच दारातून आत गेले. नर्स बाई आत गेल्या. मुली आत गेल्या.

मी बसून राहिले. मग मांडीवरच्या फोनमधून, पहाटेच्या त्या अंगणातून, आईच्या एकटीच्या टाळ्या आल्या.